आधी संग्रहालयाचा माणूस, मग चित्रपटकार

मंडळी, योहानेस पॅसुकेला 'एस्टोनियाचा पहिला चित्रपटकार' म्हटलं की लोक मोकळे होतात. माझं म्हणणं असं, की त्याला आधी संग्रहालयाचा माणूस म्हणून पाहा, मग त्याचं चित्रीकरण उलगडतं. तिकडे येतोच. पण विमान सोडून पुढे जाववत नाही.

एप्रिल १९१२. तार्तु शहर तेव्हा रशियन साम्राज्यात. ओडेसाचा वैमानिक सेर्गेई उतोच्किन उड्डाणं करतोय आणि वीस वर्षांचा पॅसुके ती टिपतोय. एस्टोनियन चित्रपटाचा जन्म इथपासून धरतात. आता कॅमेरामनचे हात बघा. त्या काळच्या कॅमेऱ्याला मोटर नाही, हँडल. एका फेऱ्यात आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा फ्रेम, एक फूट फिल्म. उजवा हात या ठेक्यात अडकलेला. विमान काही थांबत नाही, म्हणून डाव्या हातानं ट्रायपॉडवर कॅमेरा वळवत राहायचं, तेही वेगळ्या लयीत. सभेत कुणी तबला वाजवणारं असेल तर त्यांना हे लगेच कळेल! विमान डोक्यावर आलं की उत्साहात हँडल भरभर फिरतं आणि पडद्यावर ते रेंगाळतं. हात मंदावला, तर विमान पळत सुटतं, शिवाय प्रत्येक फ्रेमला उजेड जास्त लागून चित्र फिकं पडतं. चूक कळणार फिल्म धुतल्यावर, तोवर वैमानिक पुढच्या गावी.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. तर मूळ मुद्दा.

तार्तुमध्ये १९०९ साली एस्टोनियाचं राष्ट्रीय संग्रहालय निघालं. त्याच्यासाठी पॅसुके १९१२ आणि १९१३ मध्ये छायाचित्रं टिपायच्या काचेच्या प्लेटा घेऊन गावोगाव हिंडला. घरं, अवजारं, पेहराव, कामात गुंतलेली माणसं. १९१३ मध्ये आग्नेयेकडच्या सेतु लोकांचं चित्रीकरण केलं, ते याच नजरेतून. बघताना एक ध्यानात ठेवा: त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. सेतु बायकांच्या पांढऱ्या कपड्यांवरची लाल वीण पडद्यावर काळी येते. ती काळी समजू नका. रंग गेल्यावर उरतो आकार, छातीवरचा शंकूसारखा भलामोठा चांदीचा ब्रोच, आणि तो मात्र लख्ख.

मग १९१४ चा 'कारुयाख्त पॅर्नुमाल', पॅर्नु भागातली अस्वलाची शिकार. तिथल्या कारभारावरचं चौदा मिनिटांचं व्यंग्य, एस्टोनियाचा पहिला कथापट. सोळाच्या वेगानं धरलं तर सुमारे साडेआठशे फूट फिल्म. एवढ्यात गोष्ट सांगायची तर काय दाखवायचं आणि काय गाळायचं हे आधीच ठरलेलं हवं. ती सवय मोजक्या प्लेटांवर काम करून लागते.

जानेवारी १९१८ मध्ये बेलारूसमधल्या ओर्शाजवळ रेल्वे अपघातात तो गेला. वय पंचवीस. एस्टोनियाचं स्वातंत्र्य जाहीर झालं २४ फेब्रुवारीला. त्याच्या प्लेटा तार्तुच्या त्याच संग्रहालयात आहेत. सेतु लोकांचं चित्रीकरण बघण्याआधी त्यांवरची छायाचित्रं बघा.