शीत संमीलन : ‘ब्लँक’चा प्रश्न

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेत यूटा विद्यापीठात पत्रकार परिषद घेऊन मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी जाहीर केले की, जड पाण्यात (ज्यात हायड्रोजनऐवजी त्याचा जड समस्थानिक ड्यूटेरियम असतो) पॅलेडियमचा कॅथोड आणि प्लॅटिनमचा ॲनोड ठेवून वीज सोडली असता रासायनिक क्रियेने स्पष्ट करता येणार नाही इतकी उष्णता निघते. अणुकेंद्रके एकत्र येऊन ऊर्जा देणारे संमीलन साध्या तापमानालाच, म्हणजे ‘शीत’ अवस्थेत, घडते, असा तो दावा होता. त्यावर पहिला प्रश्न साहजिकच असा आला की, जड पाण्याऐवजी साधे पाणी घातले तर काय होते? रसायनशाळेत ज्याला आपण ‘ब्लँक’ म्हणतो, म्हणजे तपासायचा घटक वगळून बाकी सारे तसेच ठेवून केलेला तुलनेचा प्रयोग, तो हा. १२ एप्रिलला डॅलसच्या सभेत पॉन्स यांना हेच विचारले गेले, तेव्हा साधे पाणी हा तुलनेचा योग्य आधार ठरेलच असे नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. माझ्या मते या प्रकरणाला सर्वांत जास्त हानी याच उत्तराने केली.

न्यायाने सांगायचे तर त्या उत्तरात थोडे तथ्य होते. दोन्ही पाण्यांचे विद्युतवहन सारखे नसते. शिवाय उघड्या पात्रातील हिशेबात बाहेर पडणाऱ्या वायूंनी नेलेली ऊर्जा धरण्यासाठी साध्या पाण्याला सुमारे १.४८ आणि जड पाण्याला सुमारे १.५४ व्होल्ट असा वेगळा आकडा पात्राला दिलेल्या व्होल्टेजमधून वजा करावा लागतो. त्यातही हे वायू आतल्या आत पुन्हा संयोग पावत नाहीत असे गृहीत धरलेले असते आणि ते गृहीतक चुकले तर नसलेली उष्णता कागदावर उमटते. म्हणून एक ब्लँक पुरत नाही. जड पाण्यातच प्लॅटिनमचा कॅथोड, साध्या पाण्यात पॅलेडियम आणि उष्णतेची मोजणी पारखायला ज्ञात शक्तीचा विजेचा तापक, असे तिन्ही लागतात. कॅलटेकच्या नेथन लुइस यांनी मे महिन्यात बॉल्टिमोरच्या सभेत द्रव नीट ढवळला जात नसल्याची शंका मांडली; तसे असेल तर तापमापक कुठे ठेवला यावर उत्तर बदलते.

ट्रिटियमची गोष्ट अधिक नाजूक आहे. हा हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक; तो नव्याने तयार झालेला दिसला तर ती संमीलनाची खूण मानता येते. टेक्सस ए अँड एम विद्यापीठात जॉन बॉक्रिस यांच्या प्रयोगशाळेतील पात्रांत ट्रिटियम सापडले आणि जून १९९० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील लेखाने ते बाहेरून मिसळले गेले असावे असा संशय उघड मांडला. विद्यापीठाच्या समितीने मात्र फसवणुकीपेक्षा नकळत झालेली भेसळ किंवा मोजमापातील दोष अधिक संभवनीय ठरवला. जड पाण्यात थोडे ट्रिटियम मुळातच असते, आणि विद्युत्‌विघटनात हलका समस्थानिक आधी निघून जात असल्याने उरलेल्या पाण्यात ते दाट होत जाते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातूनही १९८९ मध्येच ट्रिटियम आढळल्याचे अहवाल निघाले होते. तिथल्या आकड्यांनाही हाच प्रश्न लागू होतो.

बंद पात्रे, एकाच लगडीतून कापलेले पॅलेडियमचे तुकडे, आणि कुठला नमुना कुठल्या पात्राचा हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून घातलेले सांकेतिक क्रमांक, एवढी व्यवस्था पहिल्या दिवसापासून असती तर कोणा माणसाच्या प्रामाणिकपणावर समिती नेमण्याची वेळ बहुधा आली नसती.