दिवसाची वीज आणि अंदाजाचा हिशेब

महाराष्ट्रातील शेतीपंपांना वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने वीज मिळत आली आहे: आठवड्यातील काही दिवस दिवसा, उरलेले दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की ऐन थंडीत, साप-विंचवाची धास्ती बाळगत गव्हाला पाणी द्यायचे, हे गावोगावी अंगवळणी पडले.

वीज कोणाला किती दराने मिळावी, हे ठरवण्यासाठी १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. २००३ च्या वीज कायद्याने दरनिश्चितीबरोबरच अक्षय ऊर्जेला चालना देण्याचे कामही आयोगाकडे सोपवले आणि दर ठरवताना लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेणे बंधनकारक केले.

शेतीचा दर कमी राहावा म्हणून उद्योग-व्यवसायांकडून जादा दर घेतला जातो आणि उरलेला भार सरकारी अनुदान उचलते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल तर २०२४ पासून सरकारच भरते. मात्र असंख्य पंपांना मीटर नसल्यामुळे शेतीचा वीजवापर अंदाजाने मांडावा लागतो, आणि त्या अंदाजाच्या आडोशाला गळती व चोरीही शेतकऱ्याच्या नावावर खपून जाऊ शकते. फुकट वीज वापरल्याचा ठपका त्याच्यावर येतो. रात्रीचे जागरणही त्याच्याच वाट्याला. अन्यायाचे मूळ आम्हाला या हिशेबात दिसते.

२०१७ मध्ये आखलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना यातून एक वाट काढते. राळेगणसिद्धी येथील प्रकल्प तिच्या सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक. वीज उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज कृषी वाहिनीला (उपकेंद्रातून शेतीपंपांकडे वीज नेणाऱ्या तारमार्गाला) द्यायची, म्हणजे ऊन असते त्याच वेळी पंप चालतात. ही वीज युनिटमागे साधारण तीन रुपयांना पडते, त्यामुळे इतर ग्राहकांवरचा भारही हलका होऊ शकतो. २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे ठरले.

आणखी एक गोष्ट सहसा चर्चेत येत नाही. कृषी वाहिनी स्वतंत्र असली की तिच्यावर गेलेली सगळी वीज उपकेंद्रातील एकाच मीटरवर मोजता येते. प्रत्येक पंपाच्या मीटरसाठी थांबावे लागत नाही. आयोगाने वीज कंपनीची दरवाढीची याचिका तपासताना हेच वाचन ग्राह्य धरावे आणि प्रत्येक वाहिनीवर दिवसा किती तास वीज मिळाली, किती युनिट गेले, याचा तक्ता दरमहा मराठीतून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचा आदेश द्यावा. हा तक्ता हाती असला, तर पुढच्या जनसुनावणीत शेतकऱ्याला आपल्या वाहिनीचे आकडे घेऊन उभे राहता येईल.