पह्यले दम, मंग बोट

(दृश्य: अमळनेर तालुक्यातलं गाव. कानबाईची मिरवणूक, वरच्या गच्चीवरून.)

श्रावणातला सोमवार. काल घरोघर बसलेली कानबाई, खान्देशातली देवी, आज नदीवर निघाली आहे. डोक्यावर चौरंग घेतलेल्या बाया, पुढे फुगड्या, आणि त्यांच्याही पुढे बँड. ट्रम्पेट आहे, क्लॅरिनेट आहे, ढोल-ताशा आहे. पण गाणं नेमकं कोण चालवतंय ते बघायचं तर डाव्या कडेला बघा. टोपी कपाळावर ओढून, सॅक्सोफोन पोटाशी धरून चालणारे ते मास्तर. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही.

फुगडीची लय वाढली की मास्तर ओळ आवरती घेतात. बाया दमल्या की तीच ओळ लांबवतात. समोर कागद नाही, कोणाची खूण नाही. नजर सतत बायांच्या पायांवर.

(दृश्य: सकाळ. ओसरी. मास्तरांचे हात, जवळून.)

सॅक्सोफोन अंगाने पितळी असला तरी आवाज निघतो तो या पत्तीतून. वेळूसारख्या गवताची, टोकाला कागदाइतकी पातळ पत्ती. ती तोंडात धरून मास्तर आधी भिजवतात आणि उजेडासमोर धरून टोक पाहतात. एक बाजू जाड वाटली तर काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून पत्ती दोनदा घासायची, परत तोंडात, परत उजेडात. मास्तरांची पत्ती तीन नंबरची. शागिर्दाला दोन नंबर. नंबर वाढला की पत्ती कडक होते, दम जास्त लागतो.

शागिर्द हा. हंगामात जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलतो, एरवी मास्तरांच्या ओसरीवर. अख्खी एक लग्नसराई तो मास्तरांच्या मागे एक पाऊल ठेवून चालला आणि फक्त षड्ज धरून राहिला. वऱ्हाडी नाचतायत, नवरदेवाचे मित्र नोटा ओवाळतायत, आणि याचा एकच सूर. कंटाळून त्याने एकदा विचारलं, तर उत्तर मिळालं, "पह्यले दम, मंग बोट. काय घाई शे?"

बोटं खरं तर लवकर बसतात. डाव्या अंगठ्याची चावी दाबली की त्याच बोटांनी वरचं सप्तक वाजतं. मास्तर स्वतः क्लॅरिनेटवरून इकडे आले. तिथे तीच युक्ती केली तर सूर सप्तकभर नाही, त्याच्याही वर पंचमावर जाऊन बसतो. म्हणजे हिशेब दुप्पट. सॅक्सोफोन त्या मानाने सोपा वाटतो, आणि तिथेच नवशिका फसतो. क्लॅरिनेटच्या बऱ्याच भोकांवर बोट थेट टेकतं, ते हळूच सरकवून एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरता येतं, म्हणजेच मींड घेता येते. सॅक्सोफोनच्या भोकावर पॅड बसतं, मधे चावी असते. तिथे बोट सरकवून काही होत नाही. मींड यायची ती जबड्यातून, ओठांच्या दाबातून.

(दृश्य: अल्टो सॅक्सोफोन, चाव्या, शेजारी हार्मोनियम.)

हा अल्टो, सॅक्सोफोनचा एक प्रकार. याच्यावर 'सी'ची, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीची, बोटं धरली की हार्मोनियमवर काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी, वाजते. म्हणून गायक पांढरी एकमध्ये गायला लागला की अल्टोवाल्याला प्रत्येक स्वर मनात सरकवून वाजवावा लागतो. मास्तर हे बोलता बोलता करतात. आम्ही हार्मोनियमवर पट्टी बदलत गेलो, ते मागोमाग वाजवत गेले. (हा भाग कापायचं जिवावर आलं, म्हणून पूर्ण ठेवला आहे.)

मे महिन्यात खान्देशात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो आणि लग्नं तेव्हाच असतात. तापलेल्या वाद्याचा सूर चढतो. मग चालता चालताच माउथपीस कॉर्कवरून जरासा बाहेर ओढायचा, सूर खाली आणायचा. किती ओढायचा ते कानाने ठरतं. शागिर्दाने हे पाहून पाहून उचललं. मास्तरांनी शब्दाने सांगितलेलं नाही.

(दृश्य: ओसरीच्या भिंतीवरचा फोटो.)

हा फोटो सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवणाऱ्या कद्री गोपालनाथ यांचा. मास्तरांकडे त्यांची एक कॅसेट होती, ती झिजली, फोटो राहिला. गोपालनाथ दक्षिण कन्नडमधले, वडील नादस्वर वाजवायचे. सॅक्सोफोन त्यांनी ऐकला तो म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये. मंगळूरला एन. गोपालकृष्ण अय्यर आणि पुढे चेन्नईत टी. व्ही. गोपालकृष्णन हे त्यांचे गुरू. गोपालकृष्णन गाणारे आणि मृदंग वाजवणारे, म्हणजे सॅक्सोफोन शिकला तो गळ्याकडून. कर्नाटक संगीतातली गमकं, म्हणजे स्वरांची आंदोलनं आणि वळणं, या वाद्यावर बसवायला सुमारे वीस वर्षं गेली, वाद्यात फेरफारही करावे लागले. १९९४ मध्ये ते लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात वाजवून आले, २००४ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये ते गेले.

हिंदी सिनेमातला सॅक्सोफोन घडवणारे मनोहारी सिंग, राहुल देव बर्मन यांचे संयोजक, तेही मुंबईत येण्याआधी कोलकात्याकडे बाटा कंपनीच्या बँडमध्ये वाजवत होते. आणि बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये पॅरिसला पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर लष्करी बँड होताच. उघड्यावर, चालता चालता, लांबवर ऐकू जाईल असं फुंकून वाजवायच्या लाकडी वाद्यांच्या जातीचं वाद्य त्याला हवं होतं. तेव्हा आमच्याकडे 'बँडवाला' हा शब्द ज्या सुरात उच्चारला जातो, तो सूर आधी दुरुस्त करायला हवा. मैफलीच्या बैठकीवर मास्तरांना आजवर कोणी बोलावलेलं नाही.

डीजे आला, २०२० आणि २०२१ च्या लग्नसराया कोरोनात बुडाल्या, पंचक्रोशीतले बँड मोडले.

(दृश्य: संध्याकाळ, ओसरी. गुरू-शिष्य समोरासमोर.)

मास्तर एक तुकडा वाजवतात, गंधारावरून रिषभावर घसरत येणारा. पोरगा वाजवतो. त्याचे दोन्ही स्वर बरोबर आहेत, मधली वाट नाही. मास्तर मान हलवतात. "हाऊ नही. परत." परत तेच. तिसऱ्या वेळी मास्तर वाद्य खाली ठेवतात आणि तोच तुकडा गाऊन दाखवतात, आवाज बसका असूनही.

अल्टो बँडच्या मालकाचा. सराई संपली की तो पेटीत जातो, थेट पुढच्या सुपारीला बाहेर निघतो. पोराच्या मालकीचा फक्त माउथपीस. घरी तो नुसता तेवढाच वाजवतो, शेजारीपाजारी वैतागले तरी. नीट धरला तर अल्टोचा सुटा माउथपीस पांढरी सहाला बोलतो. चावी नाही, नळी नाही, त्यामुळे सूर खाली आणायचा तर जबडा सैल करण्यावाचून इलाज नाही. मींडेचा रियाज म्हणून मास्तरांनी त्याला हेच दिलं आहे.

आत्ता तो पांढरी सहावरून न तुटता पांढरी पाचपर्यंत उतरतो. मास्तरांना पांढरी चार हवी आहे.