आठ आठवड्यांचं पिल्लू

[जुन्या बडोद्यातली कौलारू छपरं. सकाळ.]

होळी झाली की बडोद्यातल्या प्राणी-निवाऱ्यांचे फोन वाजायला लागतात. मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा. जुन्या घरांचे माळे, जिन्याखालची अडगळ, कुलूप पडलेल्या दुकानाची मागची खोली. मांजर व्यायला अशाच जागा शोधते. दिवस मोठे होऊ लागले की मांजरी माजावर येतात आणि साधारण नऊ आठवड्यांनी पिल्लं होतात. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळीकडून एकच निरोप येतो: माळ्यावर पिल्लं आहेत, आई दिसत नाही, घेऊन जा.

आई दिसत नाही, एवढ्यावरून आई नाही असं होत नाही. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते, असं आपल्याकडच्या आज्या सांगत आल्या. आकडा सोडून द्या, निरीक्षण खरं आहे. वर्दळ वाढली, कुत्र्याचा वास लागला, की ती एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते. दोन नेऊन तिसऱ्यासाठी ती परत येत असते, आणि तेवढ्यात कुणीतरी दयेपोटी तिसरं खोक्यात भरतं. पिल्लाचं पोट गोल असेल, अंग गरम असेल, ते निवांत झोपलेलं असेल, तर त्याची आई जवळपास आहे. लांब उभं राहून काही तास वाट पाहावी. पिल्लू गार पडलं असेल, सतत ओरडत असेल, मुंग्या लागल्या असतील, तर मात्र क्षणभर थांबू नये. गुजरातेत करुणा अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर १९६२ आहे.

डोळे न उघडलेलं पिल्लू माणसाच्या हाती लागलं की पहिली चूक दुधाची होते. गाईचं दूध त्याला पचत नाही, जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे जिवावरचंच दुखणं. उताणं धरून ड्रॉपरने पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. त्याला स्वतःचं अंग ऊबदार ठेवता येत नाही, शी-शूसुद्धा आईने चाटल्याशिवाय होत नाही. आईची ही सगळी कामं दिवसरात्र करायची तयारी आणि माहिती असेल, तरच त्याला घरी न्यावं.

[शहराबाहेरचा एक निवारा. पत्र्याचं छप्पर, ओळीने पिंजरे.]

दांडिया बाजारातलं एक मराठी कुटुंब इथे आलं आहे. आजी, त्यांची सून आणि बारावीची परीक्षा नुकतीच दिलेली नात. नातीने फोनवर फोटो पाहूनच पिल्लू ठरवलं होतं: तीन रंगांचं, पांढऱ्यावर काळे आणि केशरी ठिपके. आजी एका नजरेत सांगतात, "मादीच आहे ही. तिरंगी बोका आम्ही कधी पाहिला नाही." आजींचं बरोबर आहे. केशरी रंग ठरवणारा जीन एक्स गुणसूत्रावर असतो. मादीत एक्स दोन असतात, बोक्यात एकच, आणि दोन एक्स असल्याशिवाय काळा आणि केशरी असे दोन्ही रंग एका अंगावर सहसा उमटत नाहीत. तो जीन नेमका कोणता, हे जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलं. तिरंगी मांजर सहसा मादी असते, हे मात्र घराघरांतून फार आधीपासून माहीत होतं.

पिल्लू पाच आठवड्यांचं आहे. निवारा सांभाळणाऱ्या बाई ते द्यायला तयार नाहीत. "बा, उतावळ ना करशो," त्या आजींना म्हणतात. तीन आठवड्यांनी या.

नातीचा चेहरा उतरतो. तो दिसतोही, कारण ती लपवत नाही. पण मला त्या बाईंचं म्हणणं मनापासून पटतं. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू जग कसलं आहे ते शिकतं. माणसाचा हात, आवाज, दुसरं मांजर, यांतलं काय घाबरण्याजोगं आणि काय नाही, हे तेव्हा ठरतं. भावंडांशी झोंबताना जोरात चावलं की समोरचं ओरडतं आणि खेळ थांबतो. किती जोरात चावायचं, ते तिथे कळतं. आईपासून लवकर तोडलेली पिल्लं मोठेपणी हात ओरबाडतात, आणि मग "मांजर आक्रमक निघालं" म्हणून तीच परत येतात. आठ आठवडे पुरे होऊ द्यावेत. तोवर पिल्लाचं वजन पाऊण-एक किलो होतं आणि ते आपापलं खायला लागतं.

मधल्या दिवसांत बाई प्रश्न विचारतात आणि उत्तरं कागदावर घेतात. घर स्वतःचं की भाड्याचं? घरमालकाला विचारलं? नात शिकायला पुण्याला गेली तर मांजर कोण सांभाळणार? काही लोकांना हे प्रश्न अपमानास्पद वाटतात. वाटू नयेत. पाळलेलं जनावर उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तरी प्रत्येक बदलीच्या, प्रत्येक घर बदलण्याच्या मोसमात मांजरं मागे राहतात.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सून देते. "मी सांभाळीन. ती गेली तरी मी इथेच आहे."

मग खाण्याचं निघतं. आजी आधीच सांगून टाकतात, "आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. दूधभात खाईल ना ती?"

बडोद्यात हा प्रश्न बहुतेक घरांत येतो, म्हणून त्याला नीट उत्तर हवं. मांजर दूधभात खातं. त्यावर दिवसही काढतं. पण त्याच्या शरीराला टॉरिन नावाचं द्रव्य पुरेसं तयार करता येत नाही, ते खाण्यातून, मुख्यतः मांस-मासळीतून, मिळावं लागतं. ते कमी पडलं की हळूहळू डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय पसरून दुबळं होतं. हृदयाचा हा आजार टॉरिनच्या कमतरतेने होतो, हे १९८७ साली अमेरिकेत सिद्ध झालं, आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाण्यात टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं. म्हणजे मांजराला आपल्यासारखं शाकाहारी करणं हे त्याला हळूहळू आंधळं करणं ठरू शकतं. ज्यांच्या श्रद्धेला हे अजिबात चालणार नाही त्यांनी मांजर पाळू नये, ससा पाळावा. हे मी पूर्ण आदराने म्हणतो.

आजी बराच वेळ बोलत नाहीत. मग म्हणतात, "पाकिटातलं आणा. वाटी वेगळी, जागा वेगळी. देवघराकडे नको. बाकी तिचं अन्न ती खाईल, आपण कोण अडवणार?"

[घर. दिवाणखान्यातला झोपाळा.]

तीन आठवडे घर तयार करण्यात जातात. गुजरातेतल्या कितीतरी घरांसारखा इथेही दिवाणखान्यात मोठा सागवानी झोपाळा आहे. त्याच्या खालून धावणाऱ्या पिल्लाचा पाय किंवा शेपूट चिरडायला एक झोका पुरतो. घरात कुणी नसताना झोपाळा दोरीने बांधून ठेवायचं ठरतं. गॅलरीला कबुतरांसाठी लावलेली जाळी होती, तिची सुटलेली टोकं आवळली जातात. फरशी पुसायचं फिनाईल घराबाहेर जातं. फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाहीत. ते ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पाय चाटतं. पॅरासिटामॉलची गोळी ड्रॉवरमध्ये बंद. ताप आला म्हणून मांजराला ती देणारे लोक असतात, आणि एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवर पडलेला मांजाही वेचून टाकावा लागेल. मांजर दोऱ्याशी खेळता खेळता तो गिळतं आणि दोरा आतड्यात अडकतो.

पिल्लू येतं आणि थेट कपाटाखाली जातं.

सगळे जमिनीवर पालथे. नात टॉर्च लावते. शेजारच्या काकू बघायला येतात. आजी सगळ्यांना उठवतात: "नवी सून आली तरी पहिल्या दिवशी तिला खोलीत एकटीला बसू देतात. व्हा बाजूला." एक खोली, एका कोपऱ्यात पाणी आणि खाणं, दुसऱ्या कोपऱ्यात लिटरचा, म्हणजे शी-शूच्या वाळूचा, ट्रे, दार लोटलेलं. नात तिथेच बसून वाचत राहते, कपाटाकडे बघत नाही. मांजराकडे टक लावून पाहिलं की त्याला धमकी वाटते. रात्री वाटी रिकामी होते. दुसऱ्या दिवशी ट्रे वापरलेला दिसतो. तिसऱ्या दिवशी तिची शेपूट दिसते, मग कान, मग नातीच्या वहीवर एक पंजा. ओढून काढलं असतं तर तीही बाहेर आलीच असती, पण पुढचे कित्येक दिवस हात दिसला की पळाली असती.

आता तिचं नाव शेवंता.

लसी सुरू झाल्या आहेत. तीन रोगांची एकत्र लस दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांची होईपर्यंत. रेबीजची बारा आठवड्यांनंतर. जंताचं औषध निवाऱ्यातच दिलं होतं. आणि पाचव्या महिन्यात ऑपरेशन. याला घरातून थोडा विरोध झाला. "एकदा तरी आई होऊ द्यावी बिचारीला," असं काकू म्हणाल्या. भावना समजते. पण मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, वर्षात दोन-तीनदा विते, दर वेळी तीन-चार-पाच पिल्लं. त्यांतली बहुतेक रस्त्यावर, पावसात, गाड्यांखाली संपतात. उरलेली त्याच निवाऱ्यात येतात, जिथे एका पिंजऱ्यात आधीच सहा आहेत.

तिथल्या मागच्या रांगेत मोठी मांजरं असतात. तीन वर्षांच्या, पाच वर्षांच्या मांजरी, ऑपरेशन झालेल्या, लसी झालेल्या, ट्रेची सवय असलेल्या. स्वभाव कसा आहे ते पहिल्याच भेटीत कळतं, पडद्यावर चढायचं वय सरलेलं असतं. म्हाताऱ्या माणसांच्या घराला, दिवसभर नोकरीवर असणाऱ्या जोडप्याला पिल्लापेक्षा अशी मांजर अधिक सोयीची. पिल्लं बघायला आलेले लोक या रांगेपर्यंत पोचतच नाहीत. तुम्ही गेलात तर तिथे बसा, आणि बाईंना प्रत्येकीबद्दल विचारा. त्यांना सगळ्यांची माहिती आहे.