सोन्याची वाट पाहणारे भागधारक

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या काही वर्षांत सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेला, हे सराफाच्या दुकानात पाऊल टाकताच कळतं. ज्यांनी वेळेवर चार बांगड्या केल्या, दोन वेढणी घेऊन ठेवली, ते समाधानात आहेत. पण सोन्याच्याच नावावर पैसे घातलेली काही माणसं अशी आहेत, की भाव चढला की त्यांचा जीव अधिकच जळतो. सोनं शोधणाऱ्या कंपन्यांचे शेअर धरून बसलेली ही माणसं. आज मला त्यांच्याविषयी आणि त्यांच्याशी बोलायचं आहे.

निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, छोटे दुकानदार अशी ही मंडळी असतात. शेअर स्वस्त होता म्हणून घेतला. भाव पडला तसे आणखी घेतले, म्हणजे खरेदीची सरासरी किंमत खाली येईल. पुढे अडकलेल्या पैशांचा आकडा एवढा वाढला की विकावेत तर तोटा पदरात पडतो आणि ठेवावेत तर किती वर्षं ठेवायचे, ते कुणी सांगत नाही. कंपनीला मेल पाठवला की उत्तर येतं, मंजुरीची प्रतीक्षा आहे, योग्य वेळी शेअर बाजाराला कळवू. घरात विषय निघाला की बायको एवढंच म्हणते, त्या पैशात तेव्हा चांगले पाच तोळे आले असते. त्यावर बोलायला काही उरत नाही.

हा राग मला खरा वाटतो आणि रास्तही वाटतो. फक्त तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी खर्च होतो. उशीर का झाला, याच एका प्रश्नावर माणसं वर्षानुवर्षं भांडतात. पैसे कुठे गेले आणि उरले किती, हे विचारायचं राहून जातं.

आधी हा धंदा समजून घेऊ. शोध घेणाऱ्या कंपनीकडे विकायला काही नसतं. तिच्याकडे असतो जमिनीचा एक तुकडा आणि तिथे शोध घेण्याचा परवाना. त्या जमिनीत ती खोल, बारीक भोकं पाडते, आतून खडकाच्या दांड्या काढते, प्रयोगशाळेत पाठवते. एक टन खडकात दोन-तीन ग्रॅम सोनं निघालं तरी उघड्या खाणीसाठी ते चांगलं मानतात. दोन-तीन ग्रॅम म्हणजे आपल्या तोळ्याच्या पाव भागाच्या आसपास, आणि त्यासाठी टनभर दगड फोडायचा. या सगळ्या काळात उत्पन्न शून्य. पगार, ड्रिलिंग, वकील, कार्यालयाचं भाडं, सगळं भागधारकांच्या भांडवलातून जातं. ते संपलं की कंपनी नवे शेअर काढते. समजा कंपनीचे दहा कोटी शेअर आहेत आणि तुमच्याकडे दहा हजार. पाच वर्षांत शेअर वीस कोटी झाले, तर तुमचे दहा हजार जागेवरच राहतात, पण कंपनीतला तुमचा वाटा निम्मा होतो. उद्या सोनं निघालं तरी तुमच्या ताटात निम्मंच पडणार. भाव पडला की लोक हळहळतात. ही झीज मात्र डिमॅट खात्यात दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी रडत नाही.

आपल्या देशात या धंद्याची गोष्ट डेक्कन गोल्ड माइन्स या कंपनीशिवाय सांगता येत नाही. मुंबई शेअर बाजारात नोंदलेली, सोनं शोधण्याचं काम करणारी ही कंपनी. हे नाव तिने २००३ मध्ये घेतलं. तिचं लक्ष होतं कर्नाटकातल्या जुन्या सुवर्णपट्ट्यांवर. पुण्याहून बंगळूरला गाडीने गेलेल्यांना वाटेत हावेरी लागतं, त्या हावेरीजवळ गणजूर नावाचं गाव आहे. तिथे कंपनीच्या उपकंपनीने शोध घेतला, साठा दाखवला, खाणपट्ट्यासाठी, म्हणजे तिथे खाण चालवण्याच्या हक्कासाठी, अर्ज केला. तेव्हाचा कायदा असा होता की ज्याने आधी अर्ज करून शोध घेतला, त्याला खाणपट्ट्यावर पहिला हक्क.

मग २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोळशाच्या २०४ खाणींचं लिलावाविना झालेलं वाटप रद्द केलं. त्यानंतर देशाचा नूर पालटला. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने खाण कायदा बदलला, यापुढे लिलाव. ज्यांनी आधीच शोध घेतला होता त्यांच्यासाठी दहा-अ नावाच्या कलमात वाट ठेवली होती. पण ती वाट राज्य, केंद्र, वन, पर्यावरण अशा इतक्या टेबलांवरून जात होती की अनेक अर्ज मध्येच अडकले. आणि मार्च २०२१ मध्ये पुन्हा कायदा बदलला. पट्टा न मिळालेल्यांचा तो हक्कच संपवला आणि शोधावर झालेल्या खर्चाची भरपाई देण्याची तरतूद झाली.

जमिनीखालचं धन सगळ्या देशाचं आहे, ते उघड लिलावाने जावं, हे मला पटतं. पण ज्याने स्वतःचे पैसे घालून, जुना कायदा पाळून सोनं शोधलं, त्याच्या हातात खर्चाची पावती ठेवायची, हे मला पटत नाही. शोधातली जोखीम ज्याने घेतली त्याला फळात वाटा हवा. सरकारलाही ते उमगलं असावं, कारण २०२३ च्या दुरुस्तीत सोन्यासह २९ खनिजांसाठी शोधाचा वेगळा परवाना आला आणि पुढे लिलावातून मिळणाऱ्या रकमेत शोधणाऱ्याला हिस्सा ठेवला. दरम्यानच्या वर्षांत ज्यांचे पैसे अडकले, त्या लहान भागधारकांना विचारायला मात्र कुणी आलं नाही.

डेक्कन गोल्डने पुढे जिओमायसोर या कंपनीत सुमारे ४० टक्के हिस्सा घेतला. तिच्याकडे आंध्र प्रदेशातल्या कर्नूल जिल्ह्यात जोन्नगिरीचा खाणपट्टा होता. हा भाग मोठा विलक्षण आहे. पहिला पाऊस पडला की आसपासच्या गावांतली माणसं नांगरलेल्या शेतात हिरे शोधत फिरतात, आणि जवळच एर्रगुडीला अशोकाचे शिलालेख आहेत. पट्टा २०१३ चा. २०२३ मध्ये व्यवस्थापनाने जाहीर केलं, की पुढच्या वर्षाच्या अखेरीस पूर्ण उत्पादन सुरू होईल, वर्षाला साधारण ७५० किलो सोनं. २०२४ संपलं तरी ते सुरू झालेलं नव्हतं. ७५० किलो ऐकायला भरघोस वाटतं. आपला देश वर्षाला सात-आठशे टन सोनं आयात करतो, त्याच्या हजाराव्या भागाएवढं ते होतं. तरीही स्वतंत्र भारतात खासगी कंपनीने मोठ्या प्रमाणावर सोन्याची खाण चालवणं ही मोठी गोष्ट आहे आणि ती व्हावी असं मला मनापासून वाटतं.

अशा वेळी धीर देणारे एक जुना दाखला काढतात. तोही ऐकण्यासारखा आहे.

१८८० च्या सुमाराला लंडनमध्ये दक्षिण भारतातल्या सोन्याची लाट आली. ऑस्ट्रेलियातून आलेल्या ब्रो स्मिथ नावाच्या खाणतज्ज्ञाने वायनाडच्या खडकांविषयी उत्साहाचा अहवाल दिला आणि लंडनच्या बाजारात कंपन्यांचं पीक आलं. आजच्या तमिळनाडूतल्या देवाला-पंडलूरच्या डोंगरांत यंत्रं चढवली, बंगले बांधले. सोनं निघालं ते खर्चही भागणार नाही एवढं. काही वर्षांतच बहुतेक कंपन्या बुडाल्या आणि इंग्लंडमधल्या छोट्या गुंतवणूकदारांचे पैसे त्या डोंगरांतच राहिले. त्याच लाटेत कोलारला म्हैसूर गोल्ड मायनिंग ही कंपनी उभी राहिली होती. तिचेही पैसे संपत आले. भागधारक म्हणू लागले, उरलेलं वाटून टाका आणि दुकान बंद करा. खाणींचा कारभार पाहणाऱ्या जॉन टेलर यांच्या संस्थेने त्यांना विनवलं, की शेवटचं भांडवल एकदा खणण्यात घालू. कॅप्टन प्लमर नावाचा खाणमाणूस कोलारला गेला. तिथे प्राचीन लोकांनी खणून सोडलेल्या खड्ड्यांच्या खाली तो उतरला आणि त्याला चॅम्पियन रीफ ही सोन्याची शीर सापडली. पुढची शंभरहून जास्त वर्षं तिथून सोनं निघालं, सुमारे ८०० टन. खाण तीन किलोमीटरपेक्षा खोल गेली. २८ फेब्रुवारी २००१ ला ती बंद झाली.

धीर देणारे कोलार सांगतात, वायनाड सांगत नाहीत. आणि कोलारच्या गोष्टीतलाही खरा मुद्दा सुटतो. शेवटचं भांडवल घालताना तिथल्या भागधारकांना नेमकं माहीत होतं, की तिजोरीत किती उरलं आहे आणि ते कशावर खर्च होणार आहे. त्यांनी डोळे उघडे ठेवून डाव लावला. आपल्याकडचा भागधारक डाव लावतो तेव्हा त्याला हे बहुतेक वेळा माहीतच नसतं.

रागाच्या भरात पुष्कळ जण थेट ‘फसवणूक’ म्हणतात. तो शब्द जपून वापरावा. फसवणूक कशी असते ते ब्रे-एक्सने दाखवलं. इंडोनेशियात बुसांगला प्रचंड सोनं सापडल्याचं सांगणाऱ्या या कॅनडाच्या कंपनीचं मूल्य सहा अब्ज कॅनेडियन डॉलरवर गेलं होतं. १९९७ मध्ये उघड झालं की नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलेलं होतं. खडकाची दांडी उभी चिरून अर्धी जपून ठेवायची, हा या धंद्यातला रिवाज. तिथे जवळजवळ सगळीच दांडी भरडून टाकली जात होती, म्हणजे मागाहून तपासायला काही उरतच नव्हतं. परवाना अडलेली कंपनी आणि अशी कंपनी, दोघींना एकाच पारड्यात तोलू नका. पण नमुने कुणी तपासले, दांड्या जपल्या आहेत का, हे प्रत्येक कंपनीला विचारायचा तुमचा हक्क आहे.

विचारायचं कुठे? वार्षिक सर्वसाधारण सभेत. मार्चला वर्ष संपणाऱ्या कंपन्यांची ही सभा साधारणपणे सप्टेंबरअखेरपर्यंत होते. हल्ली बऱ्याच सभा ऑनलाइन असतात, त्यामुळे सोलापुरात किंवा सावंतवाडीत बसूनही बोलता येतं. त्यासाठी वक्ता म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं. सभेची सूचना किमान २१ दिवस आधी येते आणि नोंदणीची मुदत त्यातच दिलेली असते.

आधी वार्षिक अहवालातलं रोख प्रवाहाचं पान काढा. वर्षाचा खर्च आणि हातातली रोकड शेजारी शेजारी लिहा, कंपनी आहे त्या पैशात किती महिने तग धरेल ते कळेल. मग पाहा, रुपयातले किती पैसे जमिनीत गेले आणि किती संचालकांच्या मानधनात, प्रवासात, सल्लागारांत. ड्रिलिंगपेक्षा कार्यालय महाग असेल तर सभेत तेच विचारा, आकड्यासकट. पाच वर्षांपूर्वी एकूण शेअर किती होते आणि आज किती, हेही मोजून ठेवा.

निवडक लोकांना नवे शेअर द्यायचे असतील तर कंपनीला विशेष ठराव करावा लागतो, म्हणजे विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत. लहान भागधारक मतच देत नाहीत म्हणून असे ठराव सहज मंजूर होतात. ई-मतदानाचा दुवा तुमच्या मेलवर येतो, दोन मिनिटांचं काम आहे. राइट्स इश्यू आला, म्हणजे कंपनीने नवे शेअर आधी जुन्या भागधारकांनाच देऊ केले, आणि त्यात पैसे घालायचे नसले, तर तो हक्क बाजारात विकता येतो. पुष्कळ जण तो नुसता वाया जाऊ देतात, याचं मला फार वाईट वाटतं. आणि कंपनी उत्तरच देत नसेल, तर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन तक्रार व्यवस्थेवर तक्रार करा. कंपनीला २१ दिवसांत तिची दखल घेऊन उत्तर द्यावं लागतं.

या सगळ्या उत्तरांनंतर शेअर ठेवायचा की विकायचा, हे मी सांगणार नाही, तो निर्णय तुमचा आहे. पण उत्तरं मिळेपर्यंत सरासरी खाली आणण्यासाठी आणखी एकही शेअर घेऊ नका, एवढं मात्र मी आग्रहाने सांगेन. नमस्कार.