इमारत पडणार, कपाट राहणार

(दृश्य: नौपाडा, ठाणे. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दोरखंडाने खाली येणारं कपाट.)

हे कपाट याच वाटेने वर गेलं होतं. जिना अरुंद, वळण त्याहून अरुंद. म्हणून सहा फुटी सागवानी कपाट तेव्हा गॅलरीतून चढवलं आणि आज गॅलरीतूनच उतरतंय. वर दोन माणसं, खाली चार, आणि सूचना द्यायला अख्खी इमारत.

नौपाडा, पाचपाखाडी, चरई. जुन्या ठाण्याच्या या भागात इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जातायत. पावसाच्या आत घरं रिकामी करायची, म्हणून मे महिन्यात टेम्पोंची रांग लागते. नव्या फ्लॅटचा नकाशा हातात पडला की जुन्या सामानाकडे बघायची नजर बदलते. दिवाण, देवघर, फळ्या, वेताच्या खुर्च्या, सगळं भंगारात. आणि घर रिकामं झालं की इमारत पाडणारा ठेकेदार चौकटी, दारं, खिडक्या अलगद सोडवून घेतो आणि विकतो. जे आपल्याला अडगळ वाटतं, त्याच्यावर त्याचा नफा ठरतो.

या कुटुंबाने मात्र टेम्पो भंगारवाल्याकडे न नेता कळव्याला, खारीगावात नेला. इमारत बांधून होईपर्यंत मुक्काम तिथे, भाड्याच्या वन बीएचकेत. आजी, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. जागा नौपाड्यातल्या घरापेक्षा लहान, सामान तेवढंच.

(दृश्य: कपाटाची मागची बाजू. सुतारकाकांचा हात.)

सुतारकाका कपाट पुढून बघतच नाहीत. खण बाहेर ओढतात, उलटा करतात. पुढून पॉलिश काहीही सांगेल, मागच्या कच्च्या फळीला खोटं बोलता येत नाही. इथे खिळा नाही. कुसू, म्हणजे फळीच्या टोकाला कोरलेली जीभ, भोकात बसवलंय आणि वरून लाकडाची खुंटी ठोकलीय. प्लायवूड येण्याआधीची ही पद्धत. असा सांधा सैल झाला तर उघडून पुन्हा बसवता येतो. भुसा दाबून केलेल्या आजच्या स्वस्त पार्टिकल बोर्डात एकदा पाणी शिरलं की तो फुगतो, आणि मग त्यात स्क्रूसुद्धा धरत नाही.

घरातले म्हणतात, हे बर्मा सागवान आहे. तसं प्रत्येकच घरात म्हणतात. काका पटाशीने आतल्या बाजूचा एक बारीक तुकडा काढतात, वास घेतात आणि फक्त मान हलवतात. बर्मा असो की इथलं, सागाच्या लाकडात मुळातच तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. म्यानमारने, म्हणजे पूर्वीच्या बर्माने, १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. जुन्या, भरलेल्या सागाची फळी आज दुकानात मागून बघा, मग हे कपाट केवढ्याचं ते कळेल.

आता अडचण. खारीगावच्या इमारतीत लिफ्ट आहे, तिचं दार जेमतेम ऐंशी सेंटीमीटर. कपाट त्याहून रुंद. इथे बहुतेक लोक हात टेकतात. पण अशा कपाटाचा वरचा मुकुट नुसता ठेवलेला असतो, तो उचलला की सुटतो. दारं बिजागरीतून निघतात. राहिला सांगाडा. काकांनी तो मधल्या फळीपाशी दोन भागांत सोडवला. वरचा काचेचा भाग आता पुस्तकांचा, आणि खालचा खणांचा भाग टीव्हीखाली. करवत लागली ती एकदाच, मागच्या फळीला. आजी तेवढा वेळ स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

(दृश्य: पॉलिश. जवळून.)

हा भाग आम्ही मन भरून टिपलाय, आणि का ते दिसेलच.

कपाटावर कसलं पॉलिश आहे हे ओळखायची युक्ती सोपी. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि कुठे दिसणार नाही अशा कोपऱ्यात घासायचा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्याला तपकिरी रंग लागला, तर ती लाख. म्हणजे जुना थर स्पिरिटनेच सुटेल, रंधा मारायची गरज नाही. रंध्याने वयाचा रंगही निघून जातो, हे आमचं मत. काकांचंही तेच.

मग पॉलिश पेपर. आधी १२० नंबरचा, मग २२०, शेवटी ३२०. लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवा कधीच नाही. आडवा ओरखडा आत्ता दिसत नाही, पॉलिश चढलं की दिसतो.

चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवतात, लिटरला साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅम. सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळतात. कापसाची गुंडी, तिच्यावर धुऊन मऊ झालेलं सुती कापड, आणि हात चालू. पहिल्या हाताला काहीच दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या हाताला लाकूड आतून उजळायला लागतं. थर पातळ ठेवायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. गुंडी मध्येच थांबली तर तिथे डाग पडतो, म्हणून काका या कामात बोलत नाहीत. आम्हीही इथे जरा थांबतो.

(दृश्य: निवेदन नाही. गुंडीचा आवाज.)

हवा दमट असेल तर लाखेवर पांढुरकी झाक येते. ठाण्यात पाऊस सुरू झाला की पॉलिशवाले एकतर काम घेत नाहीत, नाहीतर दसऱ्यानंतर या म्हणतात. म्हणून ही घाई मेमध्ये. लाखेला गरम कपही सोसत नाही, गोल पांढरा डाग उठतो. जेवणाच्या टेबलाला त्यामुळे लाख नाही, पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश दिलंय.

त्या टेबलाची गोष्ट वेगळीच. वर हिरवट सनमायका होता. एके काळी चांगल्या लाकडावर सनमायका चिकटवणं हे सुबत्तेचं लक्षण होतं. पुसायला सोपं, पाहुण्यांना दाखवायला नवं. गरम हवेच्या बंदुकीने कडा तापवली, पत्री सारली आणि तो थर एका तुकड्यात निघाला. खाली सागवान. सूनबाईंची प्रतिक्रिया कॅमेऱ्यात आहे, ती ऐकाच.

(दृश्य: वेताची खुर्ची. विणकराची बोटं.)

आरामखुर्चीची बैठक फाटली होती. ती विणायला आलेले काका पाहू शकत नाहीत. अंध व्यक्तींच्या प्रशिक्षणात खुर्ची विणणं हा जुना विषय, आणि सरकारी कार्यालयांत या कामासाठी नोकऱ्याही असत. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि हे काम आटलं.

बघा, चौकटीच्या कडेने भोकं आहेत. बोट आधी भोक शोधतं, मग वेताची साल त्यात जाते. दोन थर उभे, दोन आडवे, मग दोन तिरके, आणि मधली जाळी आठकोनी दिसायला लागते. साल पाण्यात भिजवून घेतलेली असते. वाळताना ती आवळते, तेव्हा बैठकीला ताण येतो. चुकलेली वीण ते बोटाने पकडतात, उलगडतात, पुन्हा घालतात. आमच्या कॅमेऱ्याला ती चूक दिसलीही नव्हती.

(दृश्य: तांब्याचा बंब, पितळी डबे.)

चिंच आणि मीठ. चिंचेतलं आम्ल काळपट थर विरघळवतं, एवढंच त्यातलं शास्त्र. नातीने मात्र पितांबरी वापरली, तीही ठाण्याच्याच कंपनीची. बंबाला भोक पाडून दिवा करायचा बेत होता. आजींनी तो हाणून पाडला, बरं झालं. बंब आता दारात छत्र्यांसाठी उभा आहे. पितळी डब्यांत कडधान्य. आंबट काही ठेवायचं असेल तर आधी कल्हई.

भाड्याच्या भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही. स्टीलची मांडणी त्यामुळे टांगता आली नाही. सुतारकाकांनी उरलेल्या फळ्यांचा घोडा करून तिला जमिनीवर उभं केलं. पत्र्याच्या ट्रंकेवर गोधडी टाकली की बसायची जागा, आत गाद्या. तुर्भ्याच्या फळबाजारातून हापूसच्या लाकडी पेट्याही आणल्या होत्या. इंटरनेटवर त्यांची कपाटं फार देखणी दिसतात. खरं सांगायचं तर ते लाकूड कच्चं आणि कुसळांचं. घासून कुंड्या ठेवायला ठीक, पुस्तकांचं वजन नको.

जुन्या गोदरेजच्या कपाटाला नवा रंग दिलाय. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. तेव्हा कोरडं घासू नका, पाणी लावून घासा, तोंडाला मास्क, आणि लहान मुलांना लांब ठेवा. जुन्या खाटांत ढेकूण असतात, घरात घ्यायच्या आधी सांधे तपासा. मजुरी धरली तर हे सगळं उल्हासनगरहून नवं आणण्यापेक्षा फार स्वस्त पडतंच असं नाही. इमारतीतल्या इतर बिऱ्हाडांचं सामान कुठे गेलं, ते आमच्या चित्रीकरणात नाही.

(दृश्य: खारीगाव. हॉल, संध्याकाळ.)

पुस्तकं काचेआड, टीव्ही खणांवर, आणि टेबलाशी अभ्यास चाललाय. नौपाड्याच्या घरातल्या खिडकीच्या दोन झडपाही ठेकेदाराकडून पैसे देऊन सोडवून आणल्यात. त्या गॅलरीत भिंतीला टेकून आहेत. मुलाला त्यांची आरशाची चौकट करायची आहे, सूनबाईंना चपलांचं कपाट. आजींचं म्हणणं, दोघांचं ठरेपर्यंत त्यांवर निदान गाद्या वाळत घाला.