प्लेगच्या साली नाक्यावर लागलेली बोली

मित्रहो, सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९१ च्या गणनेत सव्वाआठ लाखांच्या घरात असलेली मुंबई पुढच्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी रिकामी झाली. बंदरावर, स्टेशनवर बोचकी घेतलेल्या माणसांची रीघ लागली. त्यांत गिरणी कामगार होते, आणि त्यांतले बरेचसे रत्नागिरीकडचे.

शहरात तेव्हा सत्तरेक गिरण्या होत्या. सूत चीनला, असा धंदा चालू असताना सांचे थांबवणं मालकांना परवडेना. मग नाक्यानाक्यावर जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारे मुकादम, उभे राहिले आणि कामगारांसाठी बोली लागू लागली. एकाने एक भाव सांगितला की शेजारचा चढा सांगे, आणि कामगार त्याच्यामागे जाई.

पण दर किती वाढला यापेक्षा पगार कधी मिळू लागला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एरवी गिरणीत पगार महिन्याचा, आणि तोही महिना संपल्यावर काही आठवडे अडकवून ठेवलेला. मधेच काम सोडलं तर अंगावरचा पगार बुडाला. कामगाराच्या पायातली बेडी हीच होती. तोवर वाणी उधारीवर धान्य देणार आणि सावकार व्याज लावणार. प्लेगमध्ये ही बेडी काही महिने गळून पडली. संध्याकाळी रोख रोज हातात मिळाल्याशिवाय माणूस उद्या येईना. मालकांच्या संघाने रोजंदारी बंद करायचा प्रयत्न केला, पण एकमेकांचे कामगार ओढण्याच्या घाईत एकी टिकली नाही.

आता विचारा, हा फायदा कुणाला झाला? ज्याच्या मागे गावाकडे दोन कुणगे आणि घराचं छप्पर होतं, त्याला. 'येत नाही' म्हणण्याची ताकद त्या जमिनीतून येत होती. शहराचा मैला उचलणारे हलालखोर गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, ही धास्ती म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना होती. सक्तीने रुग्णालयात नेण्याच्या नियमांबाबत म्हणूनच त्यांना सबुरीने घ्यावं लागलं. त्या माणसांच्या कामाची किंमत शहराला त्या दिवसांत कळली. ती त्यांच्या पगारात उतरली असती तर मला आज हे वेगळ्या स्वरात सांगता आलं असतं.

इथे इंग्लंडकडे थोडं वळायला हवं. तिथे १३४८ च्या मरीत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माणसं गेली. लगेच १३४९ मध्ये राजाचा हुकूम आणि १३५१ मध्ये कायदा: मजुरी मरीपूर्वीच्याच दराने घ्यायची. सुतार-मिस्त्रीला दिवसाला ३ पेनी, दगडकाम करणाऱ्या मिस्त्रीला ४, गवत वाळवणाऱ्याला १. असा दरपत्रकवजा कायदा करावा लागला, याचाच अर्थ मजूर जास्त मागत होते आणि त्यांना मिळतही होतं. पंधराव्या शतकात दक्षिण इंग्लंडात बांधकामावरचा कारागीर दिवसाला ६ पेनी नि बिगारी ४ पेनी मिळवत होता. आधी कारागिराला बिगाऱ्याच्या दुप्पट मिळे, आता दीडपट. म्हणजे सर्वांत खालच्या माणसाचं जास्त वाढलं. मरी पुन्हा पुन्हा येत राहिली, माणसं भरून निघाली नाहीत, म्हणून ही वाढ टिकली.

मुंबईत हे झालं नाही. प्लेग इथेही दर थंडीत परतत होता, तरी १८९७ च्या पावसाळ्याच्या सुमारास माणसं परतू लागली, कारण गावात खायला नव्हतं. दख्खनवर १८९६-९७ चा दुष्काळ, पाठोपाठ १८९९-१९०० चा. मेलेल्याच्या जागी उपाशी माणूस दारात उभा होता. त्याला रोज-बिज विचारायला सवड कुठली? १९०१ च्या गणनेत मुंबई पावणेआठ लाखांवर आलेली दिसते, १८९१ हूनही कमी, आणि तरी गिरणीत पगार पुन्हा महिन्याचा झाला, पुन्हा अडकवून ठेवलेला.